ठाण्याचा किल्ला व त्याचा तुरुंग

कोपरीकडून रेल्वेचे रूळ ओलांडून आपण ठाणें शहरांत शिरलों, म्हणजे थोड्याच वेळांत मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी दृष्टीस पडते. तुरुंग म्हणून तिजकडे पाहण्याची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, ही मुळांत किल्ल्याची वास्तु आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

हा किल्ला पोर्तुगीजांनीं मराठ्यांच्या धास्तीनें बांधावयास घेतला. परंतु काम पुरें होण्यापूर्वींच, १७३७ सालीं, तो मराठ्यांच्या हातीं आला. १७७४ च्या डिसेंबरांत तो इंग्रजांनीं जिंकला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडेच राहिली. पुढें शत्रु उरला नाहीं. तट मात्र उभे होते. बाहेरच्यास आंत न येऊं देणारी भिंत आंतल्यासहि बाहेर जाऊं देत नाहीं, हें ओळखून राज्यकर्त्यांनीं तिला नवें काम दिलें.

१८१५ सालीं पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. त्याचा आरोप पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांजवर येऊन त्यांस येथें कोंडण्यांत आलें. देशी शिपाई फितूर होतील, म्हणून पहारा गोऱ्यांचा ठेविला. पण एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार खिडकीखालीं घोडा फिरवीत मराठींत गाणीं म्हणे, आणि त्या गाण्यांतूनच पळण्याची मसलत कैद्यास कळे! पहारेकऱ्यांस सूर ऐकूं येत, अर्थ कळत नसे. सप्टेंबर १८१६ मध्यें त्रिंबकजी निसटले. बिशप हेबर यानें ही हकीकत आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केली आहे. भिंतीची जाडी ज्यांनीं मोजली, त्यांनीं प्रजेची भाषा मात्र हिशेबांत धरली नाहीं.

सर्वांच्याच नशिबीं अशी सुटका नव्हती. राघोजी भांगरे १८४८ सालीं येथें फांसावर गेले. नाशिकच्या जॅक्सनवधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं येथेंच फांशी झाली.

त्रिंबकजींचा कैवार घेण्याचा माझा हेतु नाहीं. पण कोणत्याहि न्यायासनापुढें चौकशी न होतां ते कोंडले गेले, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. आज न्यायालय तुरुंगापासून फार लांब नाहीं. तरी देशांतील बहुसंख्य बंदी अद्यापि कच्चे कैदीच आहेत. तेव्हां या तटाजवळून जातांना इतिहासाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण आंत निकालाची वाट पाहणाराहि कोणी असेल, याची आठवण ठेवावी.