जीवाणूंचा शेजारधर्म

हगवण आपल्या घरांना अपरिचित नाही. तिच्या एका घातक प्रकाराचे मूळ जपानमध्ये सापडले. १८९७ साली तेथे रक्ताच्या हगवणीची भीषण साथ आली. नव्वद हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. कियोशी शिगा या तरुण संशोधकाने रुग्णांच्या मलातून रोगाचा जीवाणू वेगळा केला. पुढे त्या जीवाणूकुळाला ‘शिगेला’ हे नाव मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये या रोगावर सल्फा औषधे सर्रास दिली जाऊ लागली. आरंभी गुण आला. परंतु १९५२ च्या सुमारास तपासलेले बहुतांश शिगेला जीवाणू त्या औषधांना जुमानेनासे झाले होते. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही नवी अस्त्रे हाती घेण्यात आली. १९५५ नंतर मात्र या चारही औषधांना एकदम दाद न देणारे जीवाणू आढळू लागले. ज्या रुग्णांना एकच औषध दिले होते, त्यांच्याही शरीरात असे जीवाणू मिळावेत, हे मोठे कोडे होते.

१९५९ साली ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे त्याची उकल केली. आपल्या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे नांदणारे ई-कोलाय हे जीवाणू आपली प्रतिकारशक्ती शिगेलाला देऊ शकत होते. दोन जीवाणूंचा संपर्क होताच जनुकद्रव्याच्या एका लहानशा वलयाची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि त्या एकाच वलयात अनेक औषधांवरची ढाल असे. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत विस्तृत लेख लिहून हे संशोधन जगासमोर मांडले. वारसा केवळ पूर्वजांकडून मिळतो, असे आम्ही शिकलो होतो. जीवाणूंना तो शेजाऱ्याकडूनही मिळतो!

या ज्ञानाची किंमत लवकरच कळली. १९६९ साली ग्वाटेमालात शिगाच्याच जीवाणूची साथ उसळली. प्रारंभी ती अमीबाची हगवण समजली गेली. खरे कारण उमगले तेव्हा जीवाणू त्याच चार औषधांना निर्ढावलेला निघाला. मध्य अमेरिकेत या साथीने हजारो बळी घेतले. त्यांत बालके फार होती. १९८४ साली पश्चिम बंगालमध्येही अनेक औषधांना न जुमानणाऱ्या शिगाच्या जीवाणूची साथ आली. तेथे नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड उपयोगी पडले. पुढे त्याचीही धार बोथट झाली. २००२ च्या सुमारास पूर्व भारतात सिप्रोफ्लॉक्सासिनलाही दाद न देणारे जीवाणू आढळले.

वाचकहो, या इतिहासातून आम्ही एकच बोध घेतो. ‘माझ्या घरात मी कोणती गोळी घेतो, हा माझा प्रश्न,’ असे म्हणण्याची सोय जीवाणूंनी ठेवलेली नाही. साध्या जुलाबावर मागील वेळच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या, तर आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूंमधले प्रतिकारक्षम तेवढे टिकतात, फोफावतात आणि सांडपाण्यावाटे शेजारच्या लेकरापर्यंत पोहोचू शकतात. बहुतेक जुलाबांत जीव वाचवते ते मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील पाणी, म्हणजेच जलसंजीवनी. मुलांना त्यासोबत डॉक्टर जस्ताची गोळीही देतात. मलात रक्त दिसले, ताप चढला किंवा मूल मलूल झाले, तर मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी दिलेले औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्यावे. स्वच्छ पाणी, बंदिस्त शौचालय आणि साबणाने धुतलेले हात यांच्यापुढे जीवाणूंची ती उसनी ढाल चालत नाही. जीवाणू आपला शेजारधर्म चोख पाळतात. आपणही आपला पाळावा.