टायटॅनियमला खाऱ्या पाण्यात तडा जातो का?

मीठाचं पाणी म्हटलं की आपल्याला वाशिमच्या शेजारचं लोणार आठवतं. पण आजची गोष्ट समुद्राची आहे, आणि संशोधनाला निघालेल्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे.

सुरुवात आपल्याच देशातून होते. ब्रिटिश काळात पावसाळ्यात साठवलेल्या पितळी काडतुसांना बसल्या जागी तडे जायचे. १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी कारण दाखवलं: काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण आणि हवेतला अमोनिया. दोन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. यालाच आपण ताण-गंज तडा म्हणू.

टायटॅनियमची मात्र ख्याती वेगळी होती. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो खरवडला तरी क्षणात परत तयार होतो. गुळगुळीत नमुने ताण देऊन समुद्राच्या पाण्यात ठेवले, तर काहीच होत नसे. निष्कर्ष काय निघाला? धातू सुरक्षित!

१९६०च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या बी. एफ. ब्राउन यांनी वेगळा नमुना घेतला. पट्टीला आधीच बारीक तडा पाडला, एक टोक घट्ट धरलं, दुसऱ्याला वजन टांगलं आणि तड्याभोवती खारं पाणी ठेवलं. हवेत जे वजन आरामात पेललं जायचं, त्याहून बऱ्याच कमी वजनाला काही टायटॅनियम मिश्रधातू थोड्याच वेळात तुटले. ही चाचणी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली.

असं का? तड्याच्या टोकाशी ताणामुळे थर सारखा फाटत राहतो, आतलं पाणी आम्लयुक्त होतं आणि तिथे हायड्रोजनही तयार होतो. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन जास्त असले तर धोका वाढतो. गुळगुळीत नमुन्यावर थर फाटायला जागाच नसते, म्हणून जुन्या चाचण्यांत काही दिसलं नाही.

आता बघा, जुनी मोजमापं खोटी नव्हती. पण खऱ्या यंत्रात वेल्डिंगचे, घडणीचे बारीक दोष असतातच. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीत तीन माणसं टायटॅनियमच्या गोलात बसून ६००० मीटर खोल जायची आहेत. तिथे ‘तडा नाही’ असं गृहीत धरून चालत नाही. ‘तडा असला तर किती ताणापर्यंत तो वाढणार नाही?’ हे विचारावं लागतं.

तुमचा विषय कोणताही असो, आधीच्या पेपरमधला निकाल वाचण्याआधी त्यांनी नमुना कसा घेतला ते वाचा. नवा प्रश्न बरेचदा तिथेच सापडतो.