वळिवड्याची पोलिश शाळा

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, त्याच्या परिसरात पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सुमारे ५,००० लोकांच्या या वसाहतीत स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता.

१९३९ च्या सप्टेंबरात सोव्हिएत फौजांनी पोलंडचा पूर्व भाग व्यापला. १९४० च्या फेब्रुवारीपासून तेथील हजारो कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात धाडण्यात आले. त्यांत खेड्यापाड्यांतील शेतकरी व वनरक्षकांची कुटुंबे पुष्कळ होती. भूक, थंडी आणि रोगराई यांनी कित्येक मुलांचे आईबाप हिरावून नेले. १९४१ च्या करारान्वये सुटका झाल्यावर त्यांपैकी लाखाहून अधिक लोक १९४२ साली इराणमध्ये पोहोचले आणि काही तेथून हिंदुस्थानात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला. ती वसाहत १९४६ साली बंद झाल्यावर तेथील अनेक मुलेही वळिवड्यास आली.

वळिवड्याच्या बराकींतून प्राथमिक व माध्यमिक शाळा भरू लागल्या. शिक्षणाचे माध्यम पोलिश होते. पोलंडचा इतिहास व कॅथलिक धर्मशिक्षण यांना त्यात मानाचे स्थान होते. वसाहतीत चर्च होते, बालवीरांची पथकेही होती. या पथकांचे एक मार्गदर्शक झिस्वाव पेश्कोव्स्की यांनी पुढे १९५४ साली धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली.

ही सारी तयारी मायदेशी परतण्यासाठी होती. परंतु १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहील, असे ठरले. ज्या गावांचे भूगोल मुले वर्गात गिरवीत होती, ती गावे आता परक्या देशात गेली. मग ही शाळा व्यर्थ ठरली काय? तसे म्हणता येणार नाही. छळछावणीने ज्यांना केवळ एक संख्या बनविले, त्यांना शाळेने पुन्हा नाव, भाषा आणि प्रार्थना दिली. १९४८ साली वसाहत बंद झाली. पुष्कळ जण ब्रिटन व अन्य देशांत स्थायिक झाले, पण पोलिश म्हणूनच जगले.

रिकाम्या बराकींत पुढे फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव राहावयास आले आणि गांधीनगर वसले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. निर्वासितांना अन्नवस्त्र देणाऱ्यांनी त्यांच्या मुलांच्या शाळेचाही विचार पहिल्याच दिवसापासून करावा, हा वळिवड्याचा धडा युद्धे न थांबलेल्या आपल्या काळालाही तितकाच लागू आहे.