रकाना आखण्याची विद्या

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. एखाद्या वतनाचा कागद पाहायचा असेल, तर तो कोणत्या प्रांताच्या कोणत्या रुमालात बांधला असेल, हे आधी ठाऊक असावे लागते. दफ्तर ज्या क्रमाने लावले त्या क्रमाने विचारले, तर उत्तर मिळते. पण भलत्याच बाजूने विचारले, म्हणजे अमुक एका वर्षी कोणकोणत्या प्रांतांत विधवा स्त्रियांनी वतन सांभाळले असा प्रश्न केला, तर रुमालामागून रुमाल सोडत बसण्यावाचून गत्यंतर नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण पाचवीला पुजलेली.

हीच अडचण संगणकाच्या इतिहासातही आली होती आणि ती सुटण्यात विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. आज आपल्या सीमाभागातील कितीतरी मुले-मुली बी.सी.ए., एम.सी.ए. किंवा इंजिनिअरिंगला 'डेटाबेस' आणि 'एस.क्यू.एल.' शिकतात. घरच्यांच्या लेखी तो नोकरी मिळवून देणारा एक विषय, इतकेच. त्या विषयाला इतिहास आहे, आणि दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे त्यात काही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

चंद्रावर माणूस पाठविण्याच्या अपोलो मोहिमेत अग्निबाण आणि यानाच्या अगणित सुट्या भागांचा हिशेब ठेवायचा होता. त्यासाठी आय.बी.एम. कंपनीने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या साहाय्याने 'आय.एम.एस.' नावाची यंत्रणा उभारली. ऑगस्ट १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ती सुरू झाली. तिची रचना वंशावळीसारखी होती. वर यान, त्याखाली यंत्रे, त्याखाली त्यांचे भाग. मूळ पुरुषापासून खाली उतरत जाणे सोपे; पण एकच खिळा कोणकोणत्या यंत्रांत बसला आहे, हे खालून वर विचारणे कठीण. चार्ल्स बॅकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये याहून मोकळी, जाळ्यासारखी रचना केली होती. त्यांना १९७३ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात त्यांनी संगणकाच्या कारागिराला माहितीतून वाट काढणाऱ्या नाविकाची उपमा दिली. उपमा चपखल होती, पण वाट ठाऊक असलेला तांडेल सोबत असल्याशिवाय प्रवास नाही, हेही तीतून उघड होत होते.

ही गरजच नाहीशी करण्याचा विचार एडगर कॉड यांनी मांडला. कॉड मूळचे इंग्लंडचे, १९२३ सालचा जन्म. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात विमान चालविले, पुढे अमेरिकेत आय.बी.एम.मध्ये नोकरीला लागले. मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९६५ मध्ये, चाळिशी उलटल्यावर मिळविली. जून १९७० मध्ये त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, तो आजच्या डेटाबेस विषयाचे उगमस्थान होय.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सारी माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद, प्रत्येक रकाना म्हणजे एक गुण. गणितातील संचशास्त्रात अशा कोष्टकाला 'रिलेशन' म्हणतात, म्हणून हे 'रिलेशनल' प्रारूप. दोन कोष्टके जोडायची असतील, तर दोन्हींत असलेल्या समान मूल्यावरून जोडावीत. त्यासाठी आधीपासून दोऱ्या बांधून ठेवू नयेत. आणि विचारणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे. कोणत्या वाटेने जाऊन आणायचे, ते यंत्राने पाहावे. म्हणजे कोणता रुमाल आधी सोडायचा, ही चिंता अभ्यासकाच्या डोक्यावरून उतरली.

विचार देखणा होता, पण चालेल का? अनुभवी मंडळींना वाटे की हे फार संथ चालेल. मे १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे कॉड आणि बॅकमन यांच्या पक्षांत जाहीर वादविवाद झाला. वादाने असले प्रश्न सुटत नाहीत. कोणीतरी यंत्रणा उभारून दाखवावी लागते. ते काम दोन ठिकाणी चालू होते. एक आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत, 'सिस्टिम आर' या नावाने. दुसरे तेथून जवळच असलेल्या बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, 'इन्ग्रेस' या नावाने.

मला या दुसऱ्या प्रयत्नाचे अधिक कौतुक वाटते. मायकेल स्टोनब्रेकर हे तेथे तरुण प्राध्यापक होते. त्यांचे ज्येष्ठ सहकारी युजीन वाँग यांनी कॉड यांचे लेखन वाचण्यास सुचविले आणि १९७३ च्या सुमारास दोघांनी काम हाती घेतले. हाताशी एक लहान पी.डी.पी.-११ संगणक आणि विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे आज आहे आणि पदवी मिळाली की उद्या नाही. एका तुकडीने लिहिलेले दुसऱ्या तुकडीने समजून घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि तिसरीच्या हाती द्यायचे. तयार झालेली यंत्रणा मूळ लिखाणासह चुंबकीय फितीवर घालून इतर विद्यापीठांना नाममात्र खर्चात दिली जाई; म्हणजे तेथील विद्यार्थ्यांनाही ती उघडून पाहता येई. पुढे १९८० मध्ये स्टोनब्रेकर यांनी या प्रकल्पात काय चुकले, हे सांगणारा लेख स्वतःच प्रसिद्ध केला. या विद्यार्थ्यांपैकी रॉबर्ट एप्स्टीन यांनी १९८४ मध्ये इतरांसह 'सायबेस' कंपनी काढली आणि मायक्रोसॉफ्टचा 'एस.क्यू.एल. सर्व्हर' मुळात तिच्याच यंत्रणेतून निघाला. स्टोनब्रेकर यांना २०१४ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आता भाषेकडे वळू. कॉड यांची मूळ मांडणी गणिती चिन्हांत होती. कारकुनाला किंवा हिशेबनिसाला ती कशी कळावी? सॅन होजेच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी साध्या इंग्रजी शब्दांची 'सीक्वेल' नावाची प्रश्नभाषा रचली आणि ॲन आर्बरच्या त्याच १९७४ च्या मेळाव्यात तिच्यावरील निबंध सादर झाला. 'सीक्वेल' हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीने आधीच नोंदविले असल्याने पुढे त्याचे 'एस.क्यू.एल.' झाले. बॉइस मात्र हे पाहण्यास राहिले नाहीत. निबंधानंतर काही आठवड्यांतच मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने त्यांचे निधन झाले. वय तिशीच्या आत. आज जगभरचे विद्यार्थी 'बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म' पाठ करतात, त्यातले बॉइस ते हेच.

बर्कलेची आपली वेगळी प्रश्नभाषा होती, 'क्वेल'. तिची रचना अधिक सुसंगत होती, असे अनेक जाणकारांचे मत आहे. पण ओरॅकल कंपनीने १९७९ मध्ये आपली यंत्रणा एस.क्यू.एल.वर विकायला काढली, आय.बी.एम.ने १९८१ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये तीच भाषा बाजारात आणली, १९८६ मध्ये अमेरिकेच्या आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. क्वेल मागे पडली. इन्ग्रेसनंतर बर्कलेतच सुरू झालेल्या 'पोस्टग्रेस' प्रकल्पात क्वेलच्या वळणाची भाषा होती. १९९४-९५ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या तेथल्याच दोन विद्यार्थ्यांनी ती काढून एस.क्यू.एल. बसविली. त्याचेच पुढे 'पोस्टग्रेस-क्यू-एल' झाले, आणि ते आज जगभर फुकट मिळते. भाषेचे भवितव्य तिच्या गुणांपेक्षा ती कोणत्या कचेरीत चालते यावर अधिक ठरते, हे आपल्या भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातील महाविद्यालयांत सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांचे पाठ्यपुस्तक फार चालते. तिसऱ्या आवृत्तीपासून त्याचे तिसरे लेखक आहेत मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. एस. सुदर्शन. माझी एक माजी विद्यार्थिनी एम.सी.ए. करीत असताना हे पुस्तक घेऊन भेटायला आली होती. मी तिला विचारले, "यात अवघड काय आहे गं?" ती म्हणाली, "सर, एस.क्यू.एल. महिनाभरात येतं. सिलेक्ट नाव, फ्रॉम विद्यार्थी, व्हेअर इयत्ता बरोबर नऊ, झालं! कोष्टकं कशी पाडायची, ते अवघड आहे." आणि तिने मला माझ्याच जनरल रजिस्टरवरून ते समजावले.

एका घरची तीन भावंडे शाळेत असतील, तर रजिस्टरात वडिलांचा पत्ता तीनदा लिहिलेला असतो. घर बदलले आणि दोनच ठिकाणी दुरुस्ती झाली, तर एकाच बापाचे दोन पत्ते होतात आणि खरा कोणता, हे रजिस्टर सांगू शकत नाही. म्हणून पालकांचे कोष्टक वेगळे करावे, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि मुलाच्या ओळीत तेवढा क्रमांक लिहावा. पत्ता एकदाच, एकाच जागी. कॉड यांनी १९७० नंतर दोन-तीन वर्षांत सांगितलेल्या 'नॉर्मल फॉर्म'च्या पायऱ्यांचे मर्म हेच. कोणत्या वस्तू आहेत आणि त्यांची परस्परांशी नाती काय आहेत, हे आधी चित्रात काढावे, ही पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घालून दिली. मुले आजही वहीत त्याच चौकटी काढतात.

मग मी तिला मातृभाषेचा रकाना दाखविला. आपल्या शाळांत वडील मराठी आणि आई कन्नड, किंवा उलट, अशी मुले काही कमी नाहीत. कॉड यांचा पहिला नियम सांगतो की एका चौकोनात एकच मूल्य. एकच भाषा लिहिली, तर दुसरी गेली. चौकोनात 'मराठी, कन्नड' असे दोन्ही लिहिले आणि यंत्राला मातृभाषा 'मराठी' असलेली मुले विचारली, तर हे मूल त्यांत येत नाही, कारण अक्षरे जुळत नाहीत. उलट 'मराठी नसलेली' विचारली, तर मात्र येते! चौकोन कोरा ठेवला, तर त्याहून विचित्र. एस.क्यू.एल.मध्ये कोऱ्या जागेला 'नल' म्हणतात. नल म्हणजे 'नाही' नव्हे, 'ठाऊक नाही'. त्यामुळे असे मूल 'मराठी असलेल्यां'तही मोजले जात नाही आणि 'मराठी नसलेल्यां'तही नाही. दोन्ही याद्या एकत्र केल्या, तरी वर्गातले एक मूल गायब!

यावर तोड काय? तिने कागदावर दुसरे कोष्टक आखले. त्यात दोनच रकाने, विद्यार्थ्याचा क्रमांक आणि घरातली भाषा. दोन भाषांच्या मुलाच्या दोन ओळी. आता मराठी विचारा, मूल सापडते. कन्नड विचारा, तेच मूल पुन्हा सापडते. भाषांची बेरीज मुलांच्या संख्येपेक्षा जास्त येते, आणि ती तशीच यायला हवी.

आपल्या जनगणनेत २०११ साली मातृभाषा एकच नोंदविली गेली. येणाऱ्या इतर भाषा वेगळ्या प्रश्नात, त्याही जास्तीत जास्त दोन. पुढे अहवालांतून जे आकडे निघतात आणि त्यांवर जे वाद झडतात, त्यांची हद्द अशा रकान्यांनी आधीच ठरविलेली असते. प्रश्न कितीही चतुराईने विचारला, तरी ज्याला रकानाच नव्हता ते उत्तरात येत नाही. रुमालांचा अभ्यास करताना मला हे अर्धवट उमगले होते. पेशवाईतल्या कारकुनाने जे लिहिलेच नाही, ते आज कोणत्याही युक्तीने वाचता येत नाही.

म्हणून हा विषय शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना माझे एकच सांगणे आहे. आपल्या मुलाला एस.क्यू.एल.च्या किती आज्ञा येतात, हे विचारू नका. ते त्याचे कॉलेज विचारील. आपल्या घराची माहिती ठेवायची तर तू कोणती कोष्टके आखशील, हे विचारा. आजीची भाषा कुठे लिहिशील, नाव दोन लिप्यांत आहे ते कसे ठेवशील, हे विचारा. उद्या शाळांची, दवाखान्यांची, जमिनींची कोष्टके हीच मुले आखणार आहेत, आणि आपल्यासारख्या घरांना त्यांत जागा ठेवायची की नाही, हेही त्यांच्याच हाती असणार आहे.