सान पावलूची व्याकरणशाळा आणि लोकांची भाषा

एखाद्या विद्यालयाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे स्थापनेचे वर्ष, इमारत आणि नामांकित विद्यार्थी यांची यादी द्यावी, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. तथापि प्रत्येक विद्यालयाला विचारण्याजोगा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो अवघड असतो. बाहेरची विद्या आणून देताना त्याने आसपासच्या लोकांच्या भाषेचे काय केले? मोहोपाड्याच्या श्रोत्यांपुढे हा प्रश्न आम्ही गोव्यातील एका कॅथलिक व्याकरणशाळेच्या निमित्ताने मांडीत आहोत. विषय दूरचा वाटू नये. आपल्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या तटाच्या आत, येशूसंघाच्या म्हणजे जेझुइटांच्या वास्तूंचे भग्नावशेष उभे आहेत. पोर्तुगीज अमलात चौल, वसई, वांद्रे येथे या संघाची विद्यालये होती, आणि त्या सर्वांचे मूळपीठ गोव्यात होते.

इ. स. १५४१ मध्ये मिगेल वाझ आणि दियोगु द बोर्बा या धर्मगुरूंच्या पुढाकाराने गोव्यात एक मंडळी स्थापन झाली, आणि निरनिराळ्या देशांतील मुलांना शिकवून ख्रिस्ती धर्मकार्यासाठी तयार करावे म्हणून तिने शिक्षणगृह काढले. त्याच्या खर्चाची तरतूद कशी झाली, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली होती. त्यांच्या जमिनींचे उत्पन्न या कार्याकडे वळविण्यात आले. ज्या गावांचे देव गेले, त्याच गावांच्या देवस्थानी जमिनींवर ही शाळा पोसली गेली. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले, आणि त्या दशकाच्या अखेरीस संस्था त्यांच्या येशूसंघाच्या हाती आली. संत पॉलच्या नावावरून तिला सान पावलू म्हणत. हिंदुस्थानातील येशूसंघीयांना ‘पावलिस्त’ हे नाव पडले ते तिच्यामुळेच.

या शाळेत शिकवीत काय? वरच्या वर्गांत तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र होते. परंतु त्या दारात शिरण्याची किल्ली म्हणजे लॅटिन व्याकरण. आपल्याकडे पाठशाळेतला मुलगा आधी रूपावली आणि अमरकोश घोकी, मग काव्याकडे वळे आणि त्यानंतर न्याय किंवा वेदांत हाती घेई. युरोपातील व्याकरणशाळेचा क्रम पुष्कळसा असाच होता. येशूसंघाने १५९९ साली आपली अध्यापनपद्धती नियमबद्ध केली. तीत व्याकरणाच्या तीन इयत्ता, मग साहित्य आणि मग वक्तृत्व, अशी चढण होती. पाठांतर म्हणून दाखवावे, गुरुजींनी उतारा उलगडून सांगावा, मुलांनी त्या धर्तीवर लिहावे, वर्गाचे दोन पक्ष करून एकमेकांच्या चुका काढाव्यात, प्रसंगी नाटक करावे, असा तो शिस्तीचा क्रम होता. शिक्षणाला फी नसे. वर्गात बोलावयाचे मात्र लॅटिनमध्येच. मातृभाषा सुटीच्या दिवसासाठी.

याच विद्यालयात १५५६ साली हिंदुस्थानातील पहिला छापखाना बसला. यंत्र मुळात अबिसीनियाकडे जावयाचे होते, ते गोव्यात राहिले. जुआन द बुस्तामांते हा मुद्रक त्याच्याबरोबर आला होता. प्रथम छापली गेली ती जाहीर वादचर्चेसाठी काढलेली प्रमेये. आपल्या देशातील छपाईची सुरुवात शाळेतल्या वादविवादापासून झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लॅटिन व्याकरणाची ही शिस्त अंगी मुरलेले शिक्षक लोकांत मिसळले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि त्यांनी आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे बहुतांशी साष्टीत घालविली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. त्यांनी लिहिलेले कोंकणी भाषेचे व्याकरण, त्यांच्या मृत्यूनंतर दियोगु रिबैरू यांनी वाढवून, १६४० साली राशोलच्याच विद्यालयात छापण्यात आले. आधुनिक काळातील कोणत्याही भारतीय भाषेच्या पहिल्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते. व्हर्जिल आणि सिसेरो वाचावयास शिकविणारी चौकट साष्टीतल्या शेतकऱ्याच्या बोलीला लावून पाहिली, तेव्हा या बोलीलाही नाम, क्रियापद, विभक्ती यांची नेटकी व्यवस्था आहे, हे सिद्ध झाले.

हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. परंतु माणसाला समजवावयाचे तर त्याच्या भाषेत शिरले पाहिजे, आणि शिरलेला मनुष्य त्या भाषेच्या प्रेमात पडू शकतो, हे स्टीफन्स यांच्या ओव्या वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही.

पुढे वारे फिरले. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि पोर्तुगीज सत्ता हादरली. पुढच्याच वर्षी, १६८४ च्या जूनमध्ये, व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेचे व्याकरण विद्यालयाने सिद्ध केले, तिलाच राजसत्तेने संशयित ठरविले. हुकमाने भाषा मेली नाही. घरात, शेतात, बाजारात ती राहिली. तिच्या लिखित परंपरेची मात्र मोठी हानी झाली. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने येशूसंघीयांनाच हाकलले. जुन्या गोव्यात सान पावलूच्या इमारतीची आज केवळ दर्शनी कमान उरली आहे.

पुस्तकांचे नशीब इमारतीपेक्षा बरे ठरले. १८५७ साली कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकारी विद्वानाने स्टीफन्स यांचे व्याकरण पुन्हा छापले. ‘ख्रिस्तपुराण’ १९०७ साली मंगळुरास रोमन लिपीत पुन्हा निघाले आणि १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. १६१६ ते १९५६, म्हणजे ३४० वर्षांनी ह्या ओव्या मराठी वाचकाला आपल्या लिपीत छापून मिळाल्या.

या इतिहासाचा निवाडा एका शब्दात होणार नाही. शाळेच्या पायात पाडलेल्या देवळांचे उत्पन्न होते, ही गोष्ट झाकता येत नाही. आणि तिच्याच परंपरेने आपल्या किनाऱ्याच्या भाषांना पुराण आणि व्याकरण दिले, हेही नाकारता येत नाही. आज आपल्या तालुक्यातले आईबाप मुलाला इंग्रजी शाळेत घालताना इमारत, फी आणि निकाल पाहतात. ते पाहावेच. पण सोबत मुख्याध्यापकांना एवढेही विचारावे, की आमच्या घरात जी मराठी बोलली जाते, आणि डोंगराकडच्या वाडीवर जी ठाकरी किंवा कातकरी बोली चालते, तिच्यासाठी तुमच्या शाळेत जागा कोठे आहे?