दातातली कीड आणि जंतुविरहित उंदीर

'दाताला कीड लागली' असे आपण सहज म्हणतो. दातात खरोखरीच अळी असते आणि ती दात पोखरते, ही समजूत फार जुनी. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही ती आढळते. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. त्यांनी सूक्ष्मदर्शकातूनही पाहिले, अळी काही दिसली नाही.

मग ठणका कशाचा? दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असलेला मऊ गर असतो, त्याला दंतमज्जा म्हणतात. ती सुजली, की भोवतालच्या टणक भिंतींमुळे सुजेला जागाच मिळत नाही. ही मज्जा काढण्यासाठी अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ साली घड्याळाच्या स्प्रिंगपासून बारीक हत्यार बनवले. १८६७ साली बोमन यांनी मुळातली रिकामी नळी गटापर्चाने, म्हणजे मलायातल्या एका झाडाच्या चिकाने, भरली. आजही बहुधा तोच वापरतात.

पण १९१० साली इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या व्याख्यानात दुरुस्त केलेल्या दातांवरच ठपका ठेवला. सोन्याच्या टोप्यांखाली पू साठतो आणि त्यातून शरीरभर रोग होतात, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर कित्येक वर्षे सांधेदुखीसारख्या आजारांसाठीही दात उपटले गेले. पुरावा तपासण्याआधीच चिमटा चालला, असे आम्हाला वाटते.

नेमका गुन्हेगार कोण, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी दाखवले. त्यांनी उंदरांच्या दाढांना मज्जेपर्यंत भोके पाडली आणि ती तशीच उघडी ठेवली. काही उंदीर नेहमीचे, तर काही जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांची मज्जा मेली, मुळाशी गळू झाले. जंतुविरहित उंदरांच्या भोकात अन्नाचे कण जाऊनही मज्जा जिवंत राहिली. दोनच आठवड्यांत जखमेवर दंतिनाचा नवा पूल बांधला जाऊ लागला! नियंत्रित प्रयोग शिकवताना वर्गात सांगावे असे हे उदाहरण आहे.

आपले तोंड जंतुविरहित नसते. म्हणून दंतवैद्य 'रूट कॅनॉल' करताना दाताभोवती रबराचा पडदा लावून लाळ दूर ठेवतात, बारीक कानशींनी नळी खरवडतात, सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि मग ती भरून बंद करतात. नुसत्या गोळ्यांनी हे काम होत नाही. मेलेल्या मज्जेत रक्तच पोहोचत नाही, मग औषध कुठून पोहोचणार?