मधल्या खुर्चीचा इतिहास

घरांत संगीत ऐकण्यासाठीं किंवा चित्रपट पाहण्यासाठीं एक स्वतंत्र खोली राखून तिच्यांत पांच-सहा स्पीकर मांडण्याची हौस आतां केवळ धनिकांची राहिलेली नाहीं. आमच्या परिचयाच्या कित्येक मध्यम स्थितींतील कुटुंबांतहि अशी मांडणी दिसूं लागली आहे. यंत्राबरोबर जी माहितीपत्रिका येते तिच्यांत एक वर्तुळ काढलेलें असतें. वर्तुळाच्या मध्यभागीं एक खुर्ची असते, आणि परिघावर स्पीकरांच्या जागा अंशांनीं दाखविलेल्या असतात. समोर एक, त्याच्या दोन्ही अंगांस तीस तीस अंशांवर एकेक, आणि श्रोत्याच्या किंचित् मागें, शंभर ते एकशेंवीस अंशांच्या दरम्यान, आणखी दोन. हीं मापें पाहणारास वाटतें कीं, पदार्थविज्ञानानें तीं एकदांच व कायमचीं ठरवून दिलीं आहेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. ह्या अंशांच्या मागें सुमारें शंभर वर्षांचा खटाटोप आहे, आणि त्यांतील मुख्य प्रश्न ऐकणारीं माणसें किती धरावयाचीं हा आहे. त्या वर्तुळांत खुर्ची एकच कां, हें पाहण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

मनुष्यास ध्वनीची दिशा कळते ती मुख्यतः दोन कानांमुळें. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानास अगोदर पोंचतो व अधिक मोठा लागतो. डाव्या कानाकडे जातांना त्यास मस्तकाला वळसा घालावा लागत असल्यामुळें तेथें तो उशिरां व क्षीण होऊन पोंचतो. हा उशीर फार झाला तरी सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो; परंतु तेवढ्यावरून मेंदु दिशेचा निवाडा करतो. लॉर्ड रॅले ह्यांनीं १९०७ सालीं ह्या दोन खुणांचा, म्हणजे काळाच्या व तीव्रतेच्या भेदाचा, शास्त्रीय उलगडा केला. प्रयोग मात्र त्यापूर्वींच होऊन गेला होता. १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनाच्या वेळीं क्लेमां आदेर ह्या फ्रेंच इंजिनियरानें तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक ओळीनें बसविले व त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या दालनांत आणल्या. श्रोत्यानें दोन श्रवणयंत्रें दोन कानांस लावलीं म्हणजे गाणारा रंगमंचाच्या एका बाजूकडून दुसरीकडे चालत गेल्याचें त्याला कळे. येथें प्रत्येकाचें ऐकणें स्वतंत्र होतें. शेजारी कोठें बसला आहे ह्याच्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. खरी अडचण श्रवणयंत्रें जाऊन स्पीकर आले तेव्हां उत्पन्न झाली; कारण स्पीकराचा आवाज दोन्ही कानांस पोंचतो, आणि खोलींतील सर्वांस पोंचतो.

ह्या अडचणीस दोन उत्तरें जवळजवळ एकाच वेळीं व एकमेकांपासून स्वतंत्रपणें मिळालीं. पहिलें उत्तर ॲलन ब्लमलाइन ह्या इंग्रज इंजिनियराचें. चित्रपटगृहांत पत्नीसह बसला असतां, नट पडद्याच्या एका टोकास आणि त्याचा आवाज दुसरीकडून, हा विसंवाद त्याला खटकला, अशी आख्यायिका आहे. १४ डिसेंबर १९३१ रोजीं त्यानें पेटंटसाठीं जो अर्ज केला, त्यांत दोन ध्वनिमार्गांच्या साहाय्यानें आवाजाला जागा कशी देतां येईल ह्याचें सांगोपांग विवेचन आहे. दोन स्पीकरांतून येणाऱ्या आवाजाच्या तीव्रतेंत योग्य भेद ठेवला, तर दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेंत कोठेंहि गायक उभा आहे असा आभास निर्माण होतो, हें त्याच्या युक्तीचें सार. १९३४ च्या जानेवारींत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओंत सर टॉमस बीचम ह्यांच्या वाद्यवृंदाचें मुद्रण त्यानें ह्या रीतीनें केलें. पुढें महायुद्धांत, ७ जून १९४२ रोजीं, विमानांतील रडारची चांचणी चालू असतां अपघात होऊन वयाच्या अडतिसाव्या वर्षीं तो मरण पावला. त्याच्या युक्तीची घरोघर चहा झालेली पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

दुसरें उत्तर अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचें. हार्वे फ्लेचर ह्यांच्या नेतृत्वाखालीं तेथील मंडळींनीं २७ एप्रिल १९३३ रोजीं फिलाडेल्फियांत चाललेलें वाद्यवृंदाचें वादन टेलिफोनच्या तारांनीं वॉशिंग्टन येथील कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्यें आणलें. वाद्यवृंदाचा नियंता स्टोकॉव्स्की हा त्या दिवशीं वादकांसमोर नव्हताच. तो वॉशिंग्टनमध्यें यंत्राशीं बसून आवाजाचें मान सांभाळीत होता. ह्या मंडळींची मूळ कल्पना अशी कीं, वाद्यवृंदासमोर असंख्य मायक्रोफोनांचा पडदाच टांगावा, आणि दुसऱ्या सभागृहांत तितक्याच स्पीकरांचा पडदा उभा करावा. व्यवहारांत हा पडदा त्यांनीं तीन मार्गांवर आणला: डावा, मधला आणि उजवा. दोनावर कां थांबले नाहींत? कारण त्यांच्यापुढें सभागृहभर श्रोते होते. दोनच स्पीकर ठेविले, तर मध्यरेषेवर बसलेल्यास गायक मध्यभागीं भासेल. कडेला बसलेल्यास तोच गायक जवळच्या स्पीकरांत जाऊन दडल्यासारखा वाटेल. मधला स्पीकर खरोखरीच तेथें असला म्हणजे तो सर्वांना मध्यभागींच ऐकूं येतो. म्हणजे दोन स्पीकरांची मांडणी मध्यरेषेवरील श्रोत्याची, आणि तिनांची मांडणी सभेची, असा हा भेद आहे.

ह्या भेदाचें कारण पुढें अधिक स्पष्ट झालें. १९४९ सालीं हेल्मुट हास ह्यानें जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठास जो प्रबंध सादर केला त्यांत दाखविलें कीं, एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतरानें आला, तर कान प्रथम आलेल्याचीच दिशा खरी मानतो, मग मागून आलेला आवाज कांहींसा मोठा कां असेना. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे एका मीटरास सेकंदाचे सुमारें तीन सहस्रांश लागतात. तेव्हां कोचाच्या टोकाला बसलेला मनुष्य एका स्पीकरास दुसऱ्यापेक्षां एक मीटरानें जवळ असला कीं, ब्लमलाइनचा तो सुंदर आभास त्याच्यापुरता ढांसळतो. यंत्र कितीहि मूल्यवान् असो, ह्या नियमांतून त्याची सुटका नाहीं.

असें असतां घरांत दोनच स्पीकर कां आले? ह्याचें कारण कानांत नाहीं. तें तबकडींत आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवरील खांचेला भिंती दोन, म्हणून मार्गहि दोन. १९५८ सालीं अशा तबकड्या बाजारांत आल्या, आणि स्टिरिओ म्हणजे दोन असें समीकरण लोकांच्या मनांत रूढ होऊन बसलें. पुढें १९७० नंतर त्याच खांचेंतून चार मार्ग काढण्याची टूम निघाली. चौकोनी खोलीच्या चार कोनांत चार स्पीकर ठेवावयाचे, हें चित्र डोळ्यांस मोठें मोहक दिसे. परंतु समोरच्या दोन स्पीकरांत नव्वद अंशांचें अंतर पडल्यामुळें मधली जागा पोकळ झाली. आणि एकाच बाजूच्या पुढच्या-मागच्या स्पीकरांमध्यें आभास नीट ठरेना, कारण ते दोन्ही मस्तकाच्या एकाच अंगास असतात. शिवाय निरनिराळ्या कारखानदारांच्या पद्धति एकमेकींशीं जुळत नव्हत्या. त्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार मावळला. खोलीचा आकार पाहून मांडणी केली आणि कानाला विचारावयाचें राहिलें, असाच त्याचा निष्कर्ष काढावा लागतो.

चित्रपटगृहानें मात्र तिनांची परंपरा सोडली नव्हती. १९४० सालीं डिस्नेच्या 'फँटेशिया'साठीं पडद्यामागें तीन मार्ग योजिले होते, आणि कांहीं प्रसंगीं प्रेक्षागृहांतील स्पीकरांतूनहि संगीत येई. पण खर्च इतका कीं, थोड्याच ठिकाणीं ती सिद्धता होऊं शकली. १९५२ च्या सिनेरामांत पडद्यामागें पांच मार्ग व प्रेक्षकांभोंवतीं दोन होते. १९७९ सालच्या 'अपोकॅलिप्स नाउ' ह्या चित्रपटांत मागचा ध्वनि डावा व उजवा असा वेगळा केला गेला, आणि १९९२ सालीं पांच पूर्ण मार्ग व खर्जासाठीं एक मर्यादित मार्ग अशी आजची घडी अंकीय स्वरूपांत पडद्यावर आली. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें ध्वनिश्रवणाच्या खोलीसाठीं अंशांची शिफारस प्रसिद्ध केली. माहितीपत्रिकेंतील वर्तुळ मूळचें तेथलें. चित्रपटगृहांत सभोवारचा ध्वनि भिंतींवरील अनेक स्पीकरांना वांटून दिलेला असतो. घरांत तो दोघांवर येऊन पडला. अशा रीतीनें सभेसाठीं सिद्ध झालेली वस्तु घरीं येतांना पुन्हां एका खुर्चीची झाली.

हें आम्हांस पुस्तकांतून कळण्यापूर्वीं घरांत कळलें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं दोरी व कोनमापक घेऊन दिवाणखान्यांत ही मांडणी केली, आणि मधल्या खुर्चीवर स्वतः बसून धन्यता मानिली. आमच्या मातोश्रींची नेहमींची जागा मागच्या भिंतीलगतच्या दिवाणावर. चित्रपट पाहतांना त्या दोन दिवस कांहीं बोलल्या नाहींत, तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, "अरे, माणसें पुढें बोलतात आणि पाऊस सगळा माझ्याच कानांत पडतो." आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. चौथ्या दिवशीं त्या पोथी घेऊन आंतल्या खोलींत बसल्या, तेव्हां आम्ही दिवाणावर जाऊन बसलों. मागचा स्पीकर तेथून हातभर अंतरावर होता. मातोश्रींचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

मग आम्हीं मांडणी बदलली. मागचे दोन स्पीकर बसलेल्याच्या डोक्याहून दीड-दोन फूट वर नेले. म्हणजे जवळचा व दूरचा ह्यांच्या अंतरांतील प्रमाण कमी होतें, आणि कोणा एकाच्या कानावर सगळा भार पडत नाहीं. समोरचे दोन इतके आंत वळविले कीं, त्यांच्या रोखांच्या रेषा बसणारांच्या पुढेंच एकमेकींस छेदाव्या. त्यामुळें डाव्या टोकाला बसलेल्याकडे उजव्या स्पीकराचें तोंड येतें व जवळच्याचा जोर थोडा ओसरतो. मधला स्पीकर कपाटाच्या खणांतून काढून पडद्याखालीं पुढें आणला. खर्जाचा स्पीकर कोनांतून हलविला. खर्जाची दिशा कानास फारशी कळत नसली, तरी कोनांत ठेविल्यानें तो खोलींत घुमतो व बोलणें झांकून टाकतो. ह्या सर्व खटपटीनें आमच्या मधल्या खुर्चीचें सुख थोडें उणें झालें, हें कबूल केलें पाहिजे. वाद्यांच्या जागा पूर्वीं जितक्या रेखीव भासत तितक्या आतां भासत नाहींत.

एकट्यानें रात्रीं संगीत ऐकणाऱ्या रसिकानें पत्रिकेंतील वर्तुळ अवश्य पाळावें. त्याच्यासाठींच तें काढलेलें आहे. परंतु ज्या खोलींत चार माणसें एकत्र बसावयाचीं, तेथें दोरी हातांत घेण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाच्या जागेवर क्षणभर बसून पाहावें. फ्लेचर आणि त्याचे सहकारी १९३३ सालीं तिसरा मार्ग घालण्यास उद्युक्त झाले ते कडेच्या श्रोत्याचा विचार करून. घरांतल्या कडेच्या श्रोत्यास तेवढा मान देण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. मातोश्री हल्लीं दिवाणावर परत आल्या आहेत. पावसाबद्दल त्यांची तक्रार नाहीं. नट मात्र पूर्वींसारखें स्पष्ट बोलत नाहींत असें त्यांचें मत आहे, आणि त्यावर आमच्यापाशीं अद्याप उपाय नाहीं.